मांडीचे वळण आणि पाटीवरची रेघ

बॅले नर्तकाची पावले बाहेरच्या अंगाला वळलेली दिसतात. पण ते वळण पावलांचे नव्हे, खुब्याच्या सांध्यातून आलेले असते. नुसती पावलेच फिरवली, तर त्याचा भुर्दंड गुडघ्यांना बसतो. अठराव्या शतकात मात्र पाय बळेच वळवणारे एक यंत्रच निघाले होते! फ्रेंच नृत्याचार्य नोव्हेर यांनी १७६० साली प्रसिद्ध केलेल्या पत्रांत त्याचा खरपूस समाचार घेतला. व्यंग घालवण्याऐवजी ते नवे व्यंग जडवते, हा त्यांचा आक्षेप. उपाय एकच, मांडीपासून पाय फिरवण्याचा बेताचा पण नित्याचा सराव.

पण बरोबर काय, ते शिष्याला दिसावे कसे? नेपल्सच्या कार्लो ब्लासिस यांनी १८२० साली मिलानला छापलेल्या ग्रंथात नर्तकांच्या आकृत्यांवर सरळ रेषा ओढल्या. पुढे त्यांनी सुचवले, की उभ्या, आडव्या, तिरप्या रेषांची आणि कोनांची बाराखडीच मोठ्या पाटीवर मांडावी; मेहनती मुलांनी ती लहान पाटीवर उतरवून घरी न्यावी. आपल्या शाळेतली पाटीच ही, श्रोतेहो! रेघेने खुबा मोकळा होत नाही, हे खरे. पण गुडघा पावलाच्या सरळीत आहे की नाही, हे शिष्याला स्वतःच ताडता येते. १८३७ साली मिलानच्या ला स्काला रंगमंदिराची नृत्यशाळा ब्लासिस यांच्याकडे आली. त्यांच्या शिष्याचा शिष्य चेक्केत्ती पुढे पाव्हलोव्हाचा गुरू झाला.