हरणारा संघ आणि प्रशिक्षकाची खुर्ची

महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये अपयशाचा हिशेब मांडायचा कसा?

बास्केटबॉलचे जनक डॉ. जेम्स नेस्मिथ यांच्या नावावर कोणत्याही प्रशिक्षकाला नकोसा वाटावा असा एक विक्रम आहे. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे, वायएमसीएच्या प्रशिक्षण संस्थेत त्यांनी हा खेळ शोधून काढला. पुढे ते कॅन्सस विद्यापीठाच्या संघाचे पहिले प्रशिक्षक झाले. १८९८ ते १९०७ या काळात त्यांच्या संघाने ५५ सामने जिंकले आणि ६० गमावले. कॅन्ससच्या इतिहासात विजयांपेक्षा पराभव अधिक असलेले ते एकमेव प्रशिक्षक ठरले. तरीही त्यांना अपयशी म्हणण्याचे धाडस कोणी करत नाही.

हे उदाहरण पुण्यातील महाविद्यालयांनाही विचार करायला लावणारे आहे. बिबवेवाडीच्या अप्पर इंदिरानगर परिसरात १९८३ मध्ये विश्वकर्मा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी सुरू झाली. धनकवडी-कात्रज परिसरात भारती विद्यापीठाचे शैक्षणिक संकुल उभे राहिले. दक्षिण पुण्यात विद्यार्थ्यांची वर्दळ वाढली, तशी मैदानांवरील चुरसही वाढली. संघ सलग दोन-तीन हंगाम पहिल्याच फेरीत गारद झाला, की कोणत्याही महाविद्यालयात एकच प्रश्न पुढे येतो : प्रशिक्षकाला ठेवायचे की बदलायचे?

पद एकाचे, काम दुसऱ्याचे

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी प्रशिक्षकाचे स्थान समजून घ्यायला हवे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांत महाविद्यालयासाठी शारीरिक शिक्षण व क्रीडा संचालकाचे पद आहे. त्याला ठरलेली वेतनश्रेणी आणि पात्रता लागू होते. मात्र, बास्केटबॉल, व्हॉलीबॉल किंवा कबड्डी अशा एकेका खेळासाठी स्वतंत्र कायम पद सहसा नसते. त्यामुळे संघाला प्रत्यक्ष घडविणारा प्रशिक्षक बहुधा मानधनावर आणि हंगामापुरता नेमला जातो. पतियाळा येथील राष्ट्रीय क्रीडा संस्थेची, अर्थात 'एनआयएस'ची, पदविका असली, तरी पुढील वर्षी बोलावणे येईल याची हमी त्याला नसते.

परिणामी, त्याला हटविण्यासाठी चौकशी लागत नाही आणि कारणही द्यावे लागत नाही. मानधनाची तरतूद पुढे न नेली, की काम संपते. ज्याच्यावर निकालाची सर्वाधिक जबाबदारी, त्याच्याच हाती सर्वांत कमी अधिकार, अशी ही विसंगत रचना आहे.

एका पराभवाचे वर्ष

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची स्पर्धारचना पायऱ्यापायऱ्यांची आहे. आधी विभागातील आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, त्यानंतर आंतरविभागीय स्पर्धा आणि त्यातून विद्यापीठाचा संघ. हा संघ भारतीय विद्यापीठ महासंघाच्या पश्चिम विभागीय व अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धांत उतरतो. २०२० मध्ये भुवनेश्वरला सुरू झालेल्या 'खेलो इंडिया' विद्यापीठ स्पर्धेमुळे या शिडीला आणखी एक पायरी जोडली गेली.

खालच्या पायरीवर सामने बाद पद्धतीने झाले, तर एक वाईट दिवस वर्षभराच्या सरावावर पाणी फिरवतो. अमेरिकेतील महाविद्यालयीन संघ एका हंगामात तीसच्या आसपास सामने खेळतो. तेथे सुधारणा दिसायला वाव असतो. आपल्याकडे मोजक्या सामन्यांवरून प्रशिक्षकाची पारख केली, तर ती नशिबाची पारख ठरण्याचा धोका अधिक.

त्यात भर पडते ती परीक्षा, प्रात्यक्षिके आणि 'सबमिशन'च्या वेळापत्रकाची. अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा; म्हणजे दरवर्षी अनुभवी खेळाडूंची एक फळी बाहेर पडते. शिवाय, अकरावी-बारावीचे विद्यार्थी शालेय क्रीडा स्पर्धांच्या १९ वर्षांखालील गटात खेळतात. त्यामुळे वरिष्ठ महाविद्यालयाच्या संघासाठी ते उपलब्ध नसतात.

ड्यूकचा धडा

संयमाचे फळ काय असू शकते, याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे आहे. १९८० मध्ये माइक शशेफ्स्की तेथे प्रशिक्षक झाले. १९८१-८२ च्या हंगामात संघाने १० सामने जिंकले, १७ गमावले. पुढील हंगामात ११ विजय आणि पुन्हा १७ पराभव. मार्च १९८३ मध्ये व्हर्जिनियाने ड्यूकचा १०९-६६ असा धुव्वा उडविला. प्रशिक्षकाला हटवा, अशी मागणी जोर धरू लागली.

क्रीडा संचालक टॉम बटर्स यांनी मात्र १९८४ च्या प्रारंभी शशेफ्स्की यांचा करार वाढवून दिला. १९८२ मध्ये दाखल झालेल्या जॉनी डॉकिन्स, मार्क अलारी, जे बिलास आणि डेव्हिड हेंडरसन या नवख्यांनी पहिल्याच वर्षी १७ पराभव सोसले होते. तीच फळी चौथ्या वर्षी, १९८६ मध्ये, ३७ विजयांसह राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोहोचली. तेथे लुईव्हिलने ड्यूकला ७२-६९ असे हरविले. पुढे शशेफ्स्की यांनी १९९१, १९९२, २००१, २०१० आणि २०१५ अशी पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळविली आणि २०२२ मध्ये ते निवृत्त झाले.

जॉन वुडन यांची कथाही याच जातीची. १९४८ मध्ये 'यूसीएलए'त आलेल्या वुडन यांना पहिले राष्ट्रीय विजेतेपद १९६४ मध्ये मिळाले. त्यानंतर १९७५ पर्यंत त्यांच्या संघाने एकूण दहा वेळा ते पटकावले.

निकाल कशावर लावावा?

याचा अर्थ हरणाऱ्या प्रत्येक प्रशिक्षकाला अभय द्यावे, असा नाही. प्रत्येक जण शशेफ्स्की नसतो, आणि ड्यूकसारखा पैसा व खेळाडू निवडण्याचे स्वातंत्र्यही आपल्या महाविद्यालयांपाशी नाही. पण गुणफलकाखेरीज इतर कसोट्या लावता येतात. पहिल्या वर्षी आलेला खेळाडू तिसऱ्या वर्षी किती सुधारला? सरावाला किती जण नियमित येतात? किती जण संघ सोडून गेले? विद्यापीठाच्या संघात कोणाची निवड झाली? दुखापती टाळण्यासाठी काय केले गेले? त्याच वेळी संस्थेनेही स्वतःला विचारायला हवे, की वर्षातील किती दिवस मैदान सरावासाठी मोकळे होते आणि प्रशिक्षकाला मानधन वेळेवर मिळाले का?

भारतीय पुरुष संघ ऑलिंपिकमध्ये १९८० च्या मॉस्को स्पर्धेत एकदाच खेळला. मुंबईच्या नागपाड्याने अब्बास मुंतसिर यांच्यासारखा अर्जुन पुरस्कारविजेता दिला; पुण्याची शिरीन लिमये भारताकडून खेळली. असे खेळाडू घडायला वर्षे लागतात आणि तेवढी वर्षे कोणीतरी मैदानावर टिकून राहावे लागते.

विद्यार्थ्याला पदवीसाठी तीन-चार वर्षे दिली जातात. त्याला घडविणाऱ्या प्रशिक्षकाला मात्र एकाच हंगामाची मुदत मिळते. करार किमान एका तुकडीच्या प्रवेशापासून पदवीपर्यंतचा असावा, दरवर्षी लेखी मूल्यमापन व्हावे आणि त्यानंतरच निर्णय घ्यावा, एवढी शिस्त महाविद्यालयांनी पाळली, तरी हरणाऱ्या संघाचे खरे दुखणे प्रशिक्षकात आहे की व्यवस्थेत, हे स्पष्ट होईल.

थोडक्यात खेळ

मैदान : २८ मीटर लांब, १५ मीटर रुंद
बास्केटची उंची : ३.०५ मीटर
वेळ : १० मिनिटांची चार सत्रे
खेळाडू : मैदानावर पाच, संघात कमाल १२
चढाईची मुदत : २४ सेकंद
तीन गुणांची रेषा : ६.७५ मीटर (२०१० पासून)