नोकिया बुडाली म्हणता? मग तुमच्या फोनला रेंज कुठून येते?

नोकिया म्हटलं की आपल्याला आठवते ११०० ची टॉर्च, 'स्नेक' गेम आणि ती ट्यून. त्यापाठोपाठ आठवतो 'स्मार्टफोन आले आणि नोकिया बुडाली' हा फॉरवर्ड. गोष्ट अगदीच खोटी नाही, पण अर्धी आहे. बुडाला तो नोकियाचा हँडसेटचा धंदा. मोबाईल नेटवर्कची यंत्रं बनवणारी नोकिया आजही फिनलंडमधून चालते, आणि तिची शेजारीण, स्वीडनची एरिक्सन, हीसुद्धा.

फिनलंडची लोकसंख्या साधारण ५५ लाख, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्यापेक्षाही कमी. स्वीडन एक कोटीच्या थोडं वर. एवढ्याशा देशांकडे ही विद्या आली कशी? नेहमीचं उत्तर असं, की तिकडे थंडी, जंगलं, बेटं, तुरळक वस्ती, मग तारा ओढण्यापेक्षा बिनतारी फोन परवडला. थंडी तर रशियात आणि कॅनडातही आहे की! खरं कारण हवामानात कमी आणि काही जुन्या निर्णयांत जास्त आहे.

स्वीडनमध्ये १९५६ साली गाडीतला फोन सुरू झाला होता. त्याचं वजन होतं सुमारे ४० किलो. डिकीत यंत्र ठेवलं की सामानाला जागा उरत नसे. पुढे प्रत्येक शेजारी देशाने आपापली वेगळी यंत्रणा उभारायला घेतली. अडचण अशी, की १९५० च्या दशकापासून नॉर्डिक देशांचे नागरिक एकमेकांकडे पासपोर्टशिवाय ये-जा करत होते. माणूस सीमा ओलांडायचा, फोन मात्र अलीकडेच मुका व्हायचा.

१९६९ साली नॉर्वेच्या लोफोटेन बेटांवर या देशांच्या सरकारी टेलिफोन खात्यांची बैठक झाली आणि सगळ्यांसाठी एकच यंत्रणा बनवायला एक गट नेमला गेला. त्यातून तयार झाली एनएमटी, म्हणजे नॉर्डिक मोबाईल टेलिफोन. स्वीडिश इंजिनिअर ऑस्टेन मॅकिटालो यांचं नाव या कामाशी कायमचं जोडलं गेलंय.

या गटाने दोन गोष्टी अशा केल्या, ज्यांचा फायदा आपण आजही घेतो. पहिली म्हणजे रोमिंग. फोन कुठल्या भागात आहे हे तो स्वतःच जवळच्या टॉवरला कळवतो आणि ती माहिती त्याच्या मूळ एक्सचेंजकडे पोचते. त्यामुळे फोन करणाऱ्याला समोरचा ओस्लोत आहे की स्टॉकहोमला, हे माहीत असण्याची गरजच उरली नाही. दुसरी गोष्ट वरवर कंटाळवाणी वाटेल, पण धंद्याच्या दृष्टीने तीच मोठी. एनएमटीचा तांत्रिक आराखडा कुणाही कंपनीसाठी खुला ठेवला गेला. फोन एकाचा, टॉवर दुसऱ्याचा, एक्सचेंज तिसऱ्याचं, तरी सगळं एकमेकांशी बोललं पाहिजे. सरकारी खात्यांनी आपल्या घरच्या कंपनीला कुरण राखून दिलं नाही, म्हणून त्या कंपन्यांना पहिल्या दिवसापासून स्पर्धेत उतरावं लागलं.

गंमत म्हणजे एनएमटी सगळ्यात आधी सुरू झाली सौदी अरेबियात, सप्टेंबर १९८१ मध्ये. महिन्याभराने स्वीडन, मग नॉर्वे, आणि १९८२ मध्ये डेन्मार्क आणि फिनलंड.

तोवर नोकिया काय करत होती? तर गमबूट, टायर, केबल आणि कागद! १८६५ साली फ्रेडरिक इडेस्टाम यांनी टॅम्पेरे शहरात लाकडाच्या लगद्याची गिरणी काढली, तिथून ही कंपनी सुरू होते. १९६७ मध्ये तिचं रबर आणि केबलच्या कंपन्यांशी विलीनीकरण झालं आणि १९७९ मध्ये टीव्ही बनवणाऱ्या सालोरा कंपनीसोबत तिने 'मोबिरा' काढली. १९८२ चा मोबिरा सेनेटर हा गाडीतला फोन दहाएक किलोचा होता. १९८७ च्या सिटीमॅनचं वजन ८०० ग्रॅमच्या आसपास आलं. सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह १९८९ मध्ये हेलसिंकीत आले असताना याच फोनवरून मॉस्कोशी बोलले, त्यांचा तो फोटो गाजला आणि फिनिश लोकांनी फोनचं नावच 'गोर्बा' पाडलं.

नॉर्डिक देशांचं बरं चाललं होतं, पण उरलेल्या युरोपात ब्रिटनची एक यंत्रणा, जर्मनीची दुसरी, फ्रान्सची तिसरी. म्हणून १९८२ मध्ये युरोपीय टपाल-तार खात्यांच्या संघटनेने सगळ्यांसाठी एक डिजिटल पद्धत ठरवायला समिती बसवली. तिचं फ्रेंच नाव ग्रूप स्पेसियाल मोबील, म्हणजेच जीएसएम. अध्यक्षपद मिळालं एनएमटीच्या कामात मुरलेल्या थॉमस हॉग यांना. तंत्र कुठलं निवडायचं यावर १९८७ मध्ये मोठी ओढाताण झाली. फ्रान्स आणि जर्मनी एका बाजूला, नॉर्डिक देश दुसऱ्या. शेवटी नॉर्डिक देशांना हवं असलेलं तंत्रच पुढे आलं आणि ७ सप्टेंबर १९८७ रोजी कोपनहेगनमध्ये १३ देशांनी करारावर सह्या केल्या.

आता थोडं मागे जाऊ, कारण फिनलंडची खरी मजेदार गोष्ट थेट झारच्या काळातली आहे. एकोणिसाव्या शतकात फिनलंड रशियन साम्राज्याखाली होता आणि तारखातं रशियाच्या हातात. टेलिफोनही तिकडे जाऊ नये म्हणून फिनिश सिनेटने गावोगावच्या खासगी कंपन्यांना आणि सहकारी मंडळींना परवाने वाटले. त्यामुळे युरोपात इतरत्र टेलिफोन म्हणजे सरकारी मक्तेदारी असताना फिनलंडमध्ये शेकडो छोट्या टेलिफोन कंपन्या उभ्या राहिल्या. त्यांना यंत्रं कुणाकडूनही घ्यायची सवय होती आणि सरकारी खात्याशी भांडायचीही. याच कंपन्यांनी १९८८ मध्ये 'रेडिओलिन्या' ही मोबाईल कंपनी काढली.

१ जुलै १९९१ रोजी फिनलंडचे माजी पंतप्रधान हॅरी होल्केरी यांनी हेलसिंकीतून टॅम्पेरेच्या उपमहापौर कारिना सुओनियो यांना फोन लावला. व्यावसायिक जीएसएम नेटवर्कवरचा जगातला पहिला कॉल तो हाच. नेटवर्क अर्थातच रेडिओलिन्याचं, आणि यंत्रणा नोकियाची.

त्या वेळी फिनलंडची अवस्था मात्र भीषण होती. सोव्हिएत संघ कोसळला, त्याच्याशी चालणारा व्यापार आटला, बँका अडचणीत आल्या. टीव्हीच्या धंद्यात तोटा खाणारी नोकिया तिच्या मोठ्या भागधारकांनी एरिक्सनला विकायचा प्रयत्न केला. एरिक्सनने नकार दिला. १९९२ मध्ये योर्मा ओलिला प्रमुख झाले, त्यांनी एकेक करून बाकीचे धंदे सोडले आणि सगळं बळ मोबाईलवर लावलं. १९९८ मध्ये नोकियाने मोटोरोलाला मागे टाकलं. २००० च्या सुमारास हेलसिंकी शेअर बाजाराच्या एकूण मूल्यापैकी सुमारे ७० टक्के वाटा या एका कंपनीचा होता आणि देशाच्या जीडीपीतला तिचा वाटा ४ टक्क्यांच्या घरात. ही श्रीमंती होती की धोका, हे तेव्हा कुणी फारसं विचारत नव्हतं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. आयफोन, अँड्रॉइड, २०११ मध्ये विंडोज फोनवर लावलेला जुगार आणि २०१४ मध्ये हँडसेटचा धंदा मायक्रोसॉफ्टच्या ताब्यात. हजारो इंजिनिअर बाहेर पडले. पण नोकियाने 'ब्रिज' नावाच्या योजनेतून, नोकरी गेलेल्यांना नवा उद्योग काढायला पैसेही दिले, आणि त्यातून शेकडो छोट्या कंपन्या निघाल्या. आपल्याकडे कामगारकपातीच्या बातम्या वाचताना हा भाग आवर्जून आठवावा असा आहे.

भारताने जीएसएमच निवडलं, त्यामुळे या गोष्टीत आपण सुरुवातीपासून आहोत. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत सुखराम यांना केलेला देशातला पहिला मोबाईल कॉल जीएसएमवरचाच होता. नॉर्वेच्या टेलिनॉरने २००९ मध्ये 'युनिनॉर' नावाने इथे दुकान मांडलं. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टूजी प्रकरणात १२२ परवाने रद्द केले, त्यात तिचेही गेले. तिने पुन्हा लिलावात उतरून महाराष्ट्रासह मोजक्या सर्कलमध्ये तग धरला आणि २०१८ मध्ये धंदा एअरटेलला देऊन ती निघून गेली.

हँडसेट गेले तरी पेटंट नोकियाने स्वतःकडेच ठेवली. एरिक्सनकडेही त्यांचा मोठा साठा आहे आणि त्यासाठी कोर्टात जायला ती कचरत नाही. २०१३ मध्ये तिने दिल्ली उच्च न्यायालयात मायक्रोमॅक्सवर दावा लावला, २०१४ मध्ये शाओमीवर. म्हणजे फोनच्या पाठीवर नाव कुणाचंही असो, त्याच्या किमतीतले थोडे पैसे अजूनही स्टॉकहोम आणि हेलसिंकीकडे जातात.