ओ, यू, जी, एच : एका चौकडीची कुळकथा

इंग्रजीत ओ, यू, जी, एच ही चार अक्षरं याच क्रमाने शेवटी आली की वाचणारा अडखळतो. ‘दो’ म्हणजे जरी, ‘थ्रू’ म्हणजे आरपार, ‘टफ’ म्हणजे चिवट, ‘कॉफ’ म्हणजे खोकला, ‘बाउ’ म्हणजे झाडाची मोठी फांदी आणि ब्रिटिशांच्या तोंडचा ‘थरा’ म्हणजे सांगोपांग. शब्द सहा, शेपूट एकच आणि त्या शेपटाचे उच्चारही सहा. हा निव्वळ लहरीपणा वाटतो, पण यातल्या प्रत्येक उच्चाराला इतिहास आहे.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत अशा शब्दांमध्ये घशातून घासत निघणारा एक आवाज होता. उर्दूतल्या ‘ख़बर’मधला ख़ आठवा, साधारण तसा. आज ‘रफ’ म्हणतात तो खरखरीत अर्थाचा शब्द तेव्हा ‘रूख़’ होता, ‘टफ’ हा ‘टोख़’ होता. ‘थ्रू’ आणि ‘थरा’ हे तर मुळात एकाच शब्दाचे दोन अवतार. आरपार जाऊन केलेलं काम तेच सांगोपांग, असा तो अर्थविस्तार. त्या काळचे लेखनिक या आवाजासाठी नुसतं एच लिहीत आणि वाचणाऱ्याची काही अडचण होत नसे.

1066 मध्ये नॉर्मन इंग्लंडचे धनी झाले आणि पुढे लेखणीलाही फ्रेंच वळण लागलं. मधल्या काळात या आवाजासाठी तीनच्या आकड्यासारखं दिसणारं ‘योख़’ नावाचं अक्षर वापरात होतं. हळूहळू ते मागे पडलं आणि त्याच्या जागी जी आणि एच ही जोडी बसली. स्कॉटलंडमध्ये छापखान्यांकडे योख़चा खिळा नसे, म्हणून दिसायला जवळचं झेड बसवलं जाई. ‘मेन्झीस’ असं वाचलं जाणारं आडनाव तिकडे आजही ‘मिंगिस’ असं उच्चारतात ते यामुळेच.

विल्यम कॅक्स्टनने 1476 च्या सुमारास वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला, तेव्हा घशातला हा आवाज पुष्कळांच्या तोंडी जिवंत होता. साहजिकच जी-एच छापलं जाऊ लागलं आणि पुढे छापील रूपच प्रमाण ठरलं. आवाज मात्र पंधराव्या ते सतराव्या शतकात इंग्लंडमधून ओसरला. ओसरताना त्याने दोन वाटा धरल्या. कुठे तो पार विरून गेला, तर कुठे त्याचा फ झाला. आधीच्या स्वराला ओठांचा चंबू होत असे, त्यात घशातलं घासणं ओठांच्या घासण्यासारखं ऐकू येई. नव्या पिढीने ऐकलं तसं उचललं.

कुठल्या शब्दाने कुठली वाट धरायची, हे बरंचसं व्याकरणावर ठरलं. आवाज शब्दाच्या अगदी शेवटी असला तर तो कठोर राही आणि त्याचा फ होऊ शके. पुढे प्रत्यय लागून तो दोन स्वरांच्या मध्ये सापडला की मऊ होऊन उ-व मध्ये मिसळे. पुरेसं या अर्थाच्या ‘इनफ’चं अनेकवचन पूर्वी ‘इनाउ’ होतं, त्यात दोन्ही वाटा शेजारीशेजारी दिसतात. फांदीच्या शब्दाने ‘बाउ’ हे मऊ रूप ठेवलं. मळलेल्या कणकेला ‘डो’ म्हणतात, पण त्याच शब्दाचा उत्तरेकडचा उच्चार ‘डफ’ वेगळ्या स्पेलिंगने एका पुडिंगच्या नावात टिकला. लंडनच्या प्रमाणभाषेने असे शब्द वेगवेगळ्या बोलींतून उचलले. त्यातच दीर्घ स्वरांचे उच्चार याच शतकांत बदलत होते, त्यामुळे गुंता वाढला. लेस्टरशायरमधल्या ‘लफबरा’ या गावाच्या नावात ही चौकडी दोनदा येते आणि दोन्ही वेळा वेगळी वाचावी लागते.

काही शब्दांनी स्पेलिंग वेळीच बदललं. ठेंगू माणसाला म्हणतात तो ‘ड्वॉर्फ’ याच घराण्यातला, पण तो सरळ एफने लिहितात. उलट काही उपरेही घरात शिरले. उचकीचा ‘हिकप’ हा आवाजावरून घडलेला शब्द, पण खोकल्याशी नातं असावं अशा समजुतीने त्याला ‘कॉफ’चं शेपूट लावलं गेलं. आनंदाचा ‘डिलाइट’ फ्रेंचमधून आला, तेव्हा त्यात जी-एच नव्हतं. ‘लाइट’च्या संगतीने ते आलं. आपल्याकडच्या ‘कफ सिरप’मुळेही अशीच गल्लत होते. इंग्रजी ‘कॉफ’ आणि आयुर्वेदातला कफ यांचं साम्य योगायोगाचं आहे.

या अक्षरांना हाकलायचे प्रयत्नही झाले. नोआ वेब्स्टरने 1828 च्या कोशात नांगराचा ‘प्लाउ’ डब्ल्यूने लिहिला आणि अमेरिकेत तो रुळला. 1906 मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सरकारी छपाईत 300 शब्दांची सोपी स्पेलिंग वापरण्याचा हुकूम काढला. ‘दो’ आणि ‘थ्रू’ची आखूड रूपं त्या यादीत होती. वर्तमानपत्रांनी टर उडवली, काँग्रेसने विरोध केला आणि वर्ष संपायच्या आत हुकूम मागे घ्यावा लागला. ‘शिकागो ट्रिब्यून’ने ही रूपं अनेक वर्षं चालवली, पण 1975 मध्ये तिनेही नाद सोडला.

उच्चार सांगण्याच्या कामाची ही अक्षरं राहिलेली नाहीत, हे खरंच. पण ती नातं सांगतात. ‘बाउ’ या शब्दाचा जुन्या इंग्रजीत खांदा, हात असाही अर्थ होता आणि तो आपल्या ‘बाहु’चा सख्खा भाऊबंद आहे. ‘डो’चं मूळ मातीसारखा पदार्थ मळून आकार देण्याच्या क्रियेत आहे आणि त्याच मुळातून संस्कृतात ‘देह’ आला. या दोन्ही जोड्यांत आपल्याकडे जिथे ह आहे, नेमकं तिथेच इंग्रजीत जी-एच आहे. रात्रीच्या ‘नाइट’मधलं जी-एच ‘नक्त’मधल्या क च्या जागी बसतं. हे शब्द उच्चाराबरहुकूम लिहिले असते, तर शाळकरी मुलं सुखी झाली असती. फक्त फांदी आणि बाहू एका घरचे आहेत, हे स्पेलिंगवरून ओळखायची खूण उरली नसती.