आग, धूर आणि आडवी वाट

काही वर्षांपूर्वी सांगलीत विज्ञान शिक्षकांच्या एका शिबिरात मी एक प्रश्न विचारला होता. "दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर आग लागली तर काय कराल?" जवळजवळ सगळ्यांचं उत्तर एकच होतं. "लिफ्ट वापरायची नाही, जिन्याने खाली पळायचं." शाळेत आपण मुलांना हेच शिकवतो आणि शाळेपुरतं ते बरोबरही आहे. पण साताऱ्याहून आलेल्या एका बाईंनी शंका काढली. त्यांच्या सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन मिरजेला झालं होतं. "त्यांना कूससुद्धा बदलता येत नव्हती. त्या कशा पळणार?"

या शंकेला उत्तर आहे. मात्र ते कुणा एकाला एका दिवसात सुचलेलं नाही. बऱ्याच माणसांचे जीव गेल्यावर ते थोडं थोडं करून हाती आलं. तो इतिहास आपण थोडक्यात पाहू या.

सातारा-सांगलीच्या लोकांना मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये तिथे रुग्णालय उभारलं, १९६२ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं. आता तर कराड, सातारा, सांगली इथेही अनेक मजली रुग्णालयं आहेत. जुन्या काळी रुग्णालयं बहुधा बैठी किंवा एक-दोन मजल्यांची असत. छत उंच, खिडक्या मोठ्या आणि बाहेर ओसरी. धूर झाला तर निघून जायला वाट असे. आजच्या अतिदक्षता विभागात खिडक्या बंद, हवा यंत्राची, प्रत्येक खाटेशी वीज आणि ऑक्सिजन. उपचार सुधारले, पण त्यांच्याबरोबर आगीचं रूपही बदललं.

आगीत माणूस भाजून मरतो अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात बंद इमारतीत बहुतेक बळी धुराचे असतात. हे समजायला कंदील पुरेसा आहे. कराडजवळच्या ओगलेवाडीचा 'प्रभाकर' कंदील ज्यांनी वापरला असेल त्यांना आठवेल, वात जास्त वर केली की काच काळी पडायची. येणारी हवा तेवढीच, जळायला रॉकेल मात्र जास्त. मग सगळ्या कार्बनला पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही. त्यातला काही काजळी होऊन काचेवर बसतो, तर काहीचा कार्बन मोनॉक्साइड होतो. या वायूला ना रंग, ना वास. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटींनी घट्ट धरून ठेवतं. आता बंद खोलीत गादी, उशा, प्लॅस्टिकच्या नळ्या, खोट्या छताचे तक्ते जळत आहेत अशी कल्पना करा. तो एक अवाढव्य काजळलेला कंदीलच, आणि रुग्ण त्याच्या काचेच्या आत.

धुराचा हा धडा जगाला फार कठोरपणे मिळाला तो १५ मे १९२९ रोजी, अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात. तिथल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या तळघरात एक्स-रे फिल्म साठवलेल्या होत्या. त्या काळी फिल्म नायट्रोसेल्युलोजची, म्हणजे नात्याने बंदुकीच्या कापसाची बहीणच. तापली की ती आपोआप कुजू लागते आणि जळायला लागणारा ऑक्सिजन तिच्या रेणूतच असल्यामुळे हवा तोडूनही विझत नाही. त्या दिवशी ती पेटली. नायट्रोजनची ऑक्साइडं आणि कार्बन मोनॉक्साइड नळांच्या आणि हवेच्या वाटांनी वरच्या मजल्यांवर चढले. १२३ माणसं गेली आणि त्यांत संस्थेच्या संस्थापकांपैकी एक डॉ. जॉन फिलिप्सही होते. बहुतेकांना ज्वाळा लागल्याच नव्हत्या. काही जण तर चालत बाहेर आले आणि नंतर काही तासांनी दगावले. सहज न पेटणारी अ‍ॅसिटेटची फिल्म तेव्हा उपलब्ध होती. तिचा वापर सर्रास झाला तो या घटनेनंतर.

दुसरा धडा ८ डिसेंबर १९६१ चा. हार्टफर्ड इथल्या रुग्णालयात कचरा खाली टाकण्याच्या उभ्या नळीत आग लागली आणि नवव्या मजल्यावर बाहेर फुटली. छताच्या ज्वालाग्राही तक्त्यांवरून ती व्हरांड्यात झपाट्याने पसरली. १६ जण गेले. पण त्याच मजल्यावर, त्याच व्हरांड्याला लागून असलेल्या ज्या खोल्यांची दारं बंद होती तिथले रुग्ण वाचले. ते कुठेही पळाले नव्हते. त्यांच्या आणि धुराच्या मध्ये फक्त एक दार होतं.

यातून रुग्णालयांसाठी वेगळा विचार रूढ झाला. प्रत्येक मजल्याचे आगरोधक भिंतींनी आणि आपोआप मिटणाऱ्या दारांनी निदान दोन भाग करायचे. आग लागली की रुग्णांना खाली न्यायचं नाही, त्याच मजल्यावरच्या शेजारच्या भागात न्यायचं. खाट चाकांवर असते आणि सपाट फरशीवरून ती एक परिचारिकाही ढकलू शकते. जिन्यावरून मात्र एका रुग्णाला उतरवायला तीन-चार माणसं लागतात. खाट दारातून निघत नसेल तर रुग्णाला गादीसकट किंवा चादरीत गुंडाळून फरशीवरून ओढतात. म्हणजे वाट आधी आडवी, आणि गरज पडलीच तर मग उभी.

कर्मचाऱ्यांसाठी क्रमही ठरला. ज्याच्या जिवाला लगेच धोका आहे त्याला आधी हलवा. ओरडून, घंटा वाजवून सगळ्यांना कळवा आणि अग्निशमन दलाला फोन करा. बाहेर पडताना दार लावून आग कोंडा. आग लहान असेल तरच विझवा, आणि विजेच्या उपकरणावर पाणी मुळीच मारू नका. त्या भागातली ऑक्सिजनची झडप कुठे आहे हे पाळीवरच्या प्रत्येकाला ठाऊक हवं. पण ती बंद करण्याआधी त्यावर अवलंबून असलेल्या रुग्णांसाठी सिलिंडर आणि हाताने दाबायची पिशवी तयार हवी. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण इतरांचं जळणं तो फार वेगवान करतो. हवेत तो २१ टक्के असतो. बंद खोलीत गळतीमुळे हे प्रमाण चार-पाच टक्क्यांनी वाढलं तरी कापड आणि गादी कितीतरी लवकर पेटतात.

हे सगळं माहीत असूनही काय झालं? ९ डिसेंबर २०११ रोजी कोलकात्याच्या 'आमरी' रुग्णालयात आग पुन्हा तळघरातच लागली, तिथे साठवू नयेत अशा वस्तूंना. धूर पुन्हा हवेच्या वाटांनीच वर गेला आणि बंद काचांच्या आत सुमारे ९० जण गुदमरले. क्लीव्हलँडला तेव्हा ८२ वर्षं झाली होती. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली. तिथल्या १७ बाळांपैकी ७ वाचली, १० गेली. त्यांतली ३ भाजून आणि ७ धुराने गेल्याचं सरकारने सांगितलं. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागाच्या आगीत किमान ११ रुग्ण गेले.

महाराष्ट्रात यासाठी कायदा नाही असं नाही. आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा अधिनियम २००६ चा आहे. त्यानुसार इमारतीतली यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावं लागतं. पण प्रमाणपत्र खाट ढकलत नाही. रात्री दोन वाजता पाळीवर असलेली परिचारिका आणि आया ढकलतात. त्यांनी ते पूर्वी एकदा तरी, दिवे घालवून, करून पाहिलेलं हवं. आपोआप मिटणाऱ्या दाराला वारा यावा म्हणून वीट लावलेली असेल, पलीकडच्या भागात जुन्या खाटा रचल्या असतील, तर १९६१ चा धडा त्या इमारतीपुरता पुसला गेला असं समजायचं.

शिक्षकांनी यात काय करावं? ज्वलनाचा पाठ आठवीच्या मुलांना शिकवताना मेणबत्तीवर क्षणभर थंड बशी धरून काजळी दाखवा आणि तिथेच धुराबद्दल बोला. धूर गरम असल्याने आधी छताशी जमतो, म्हणून खाली वाकून चालायचं हेही सांगा. नातेवाइकाला भेटायला दवाखान्यात गेलात तर दोन गोष्टी पाहून ठेवा: शेजारच्या भागात नेणारं दार कुठे आहे आणि त्याला कुलूप तर नाही ना. असलं तर तिथल्या सिस्टरना विचारा, किल्ली कुणाकडे असते.

त्या बाईंना मी शिबिरात हेच सांगितलं. सासूबाईंनी पळायची गरज नाही, त्यांना खाटेसकट त्या दारापलीकडे नेऊन दार लावलं की पुष्कळ वेळ मिळतो. त्या म्हणाल्या, "आम्ही तिथे अकरा दिवस होतो. असं दार होतं की नाही, मी पाहिलंच नाही." खरं तर मीही तोपर्यंत कुठल्या दवाखान्यात मुद्दाम पाहिलं नव्हतं. आता पाहतो.