चमचा कुठला?

लांज्यात पोराला ताप आला की मुंबईहून चाकरमान्यांचा फोन येतो, "अर्धा चमचा दे गो त्याला." चमचा चहाचा की पोह्यांचा, ते कोणी विचारत नाही. म्हणून आज गडचिरोलीचा इतिहास सांगतो.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून तिथल्या ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी सुरू केली. गावातल्याच, बेताच्या शिकलेल्या बायका आरोग्यदूत झाल्या. बाळाचं वजन करणं, ताप बघणं, श्वास मोजणं त्या शिकल्या. जंतुसंसर्ग दिसला तर आईबापाच्या संमतीने ठरलेल्या मापात जेंटामायसिनचं इंजेक्शनही देऊ लागल्या. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ साली हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. २०११ पासून देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात, त्यामागे हाच अनुभव आहे.

जंगलातल्या गावात जे माप पाळलं गेलं, ते आपल्या घरात का नको? पॅरासिटामॉलच्या एका सिरपात ५ मिलीला १२५ मिलिग्रॅम औषध असतं, दुसऱ्यात २५०. थेंबांच्या बाटलीत तर १ मिलीतच १००! म्हणजे १२५ च्या सिरपाच्या मापाने थेंब पाजले तर चौपट डोस. यकृतावर बेततं हो.

तेव्हा डॉक्टरांना पोराचं आजचं वजन सांगा, डोस मिलीत लिहून घ्या आणि बाटलीसोबतच्या मापानेच द्या. आजीलाही हे नीट समजावा.