दिनविशेष, ४ जून १९४२ : रडीचा डाव

मिडवे बेटाजवळ सकाळी साडेदहाच्या सुमारास अमेरिकी विमानांनी अवघ्या काही मिनिटांत ‘अकागी’, ‘कागा’ आणि ‘सोर्यू’ या जपानी विमानवाहू नौका पेटवल्या. चौथी, ‘हिर्यू’, संध्याकाळी सापडली. चारही बुडाल्या.

गंमत अशी की, याची तालीम महिनाभर आधीच ‘यामातो’ या जपानी युद्धनौकेवर, युद्धखेळाच्या पटावर झाली होती. खेळातल्या अमेरिकी हल्ल्याचा निकाल ठरवायला पंच ओकुमिया यांनी फासे टाकले. नऊ बॉम्ब लागले, ‘अकागी’ आणि ‘कागा’ बुडाल्या. ॲडमिरल उगाकी यांनी नवाचे तीन केले! ‘अकागी’ वाचली, बुडालेली ‘कागा’ तर पुढच्या डावात चक्क पुन्हा तरंगू लागली. इतकी रडी पोरंही खेळत नाहीत.

ॲव्हलॉन हिल कंपनीने १९६४मध्ये ‘मिडवे’ नावाचा बोर्डगेम आणला. त्यात मात्र फाशांचा निकाल दोन्ही बाजूंना मानावा लागतो.