साइडपट्टी

सोलापूरहून मोहोळकडे निघालं की पांढऱ्या रेषेच्या डावीकडे दीडेक मीटर डांबर उरतं. कारखाने सुरू झाले की त्यावरून उसाच्या ट्रॉल्या चालतात, उलट्या दिशेने दुचाक्या येतात, आणि पुढे वाहतूक तुंबली की मोटारीही तिकडेच घुसतात. सरकारी कागदांत ते 'पेव्ह्ड शोल्डर'. आमच्या तोंडी जुनाच शब्द : साइडपट्टी. पूर्वी ती मुरमाची असे.

माझे वडील एसटीचे चालक. जिल्ह्यातले बरेच रस्ते तेव्हा एकपदरी होते. समोरून गाडी आली की डावी चाकं मुरमात उतरवायची. मात्र सगळे सारखे उतरत नसत. ट्रकसमोर एसटी निम्मी उतरे, एसटीसमोर जीप पूर्ण उतरे, आणि बैलगाडी डांबरावर चढतच नसे. एका पावसाळ्यात मुरूम वाहून गेला, डांबराची कड वीतभर उंच राहिली, म्हणून माझ्या चुलत्यांनी गाडीचं एक चाक डांबरावर ठेवलं. मागून ट्रक आला. एक बैल जागीच गेला, चुलते सहा महिने अंथरुणाला खिळले. गावाने दोष त्यांनाच दिला, गाडी डांबरावर घातलीच कशाला म्हणून. त्याच रस्त्यासाठी १९७२ च्या दुष्काळात आजीने खडी फोडली होती.

ही उतरंड कुठून आली ते शोधताना मी बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या समितीपाशी पोहोचलो. १९२७ साली नेमलेल्या या समितीचं म्हणणं असं की मोटारी वाढल्या, रस्त्यांचा भार प्रांतांना आणि स्थानिक मंडळांना पेलेनासा झाला. तेव्हा पेट्रोलवर जादा कर घ्यावा. १९२९ पासून गॅलनमागे दोन आणे रस्तेनिधीत जाऊ लागले. कर मोटारीने भरला, आणि डांबरही तिचंच झालं, असं मला वाटतं. बैलगाडीच्या लोखंडी धावेने रस्ता उकरला जातो, ही तर इंजिनिअरांची जुनी तक्रार होतीच.

१९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. पुढे तिने मापं ठरवली : एकपदरी डांबर पावणेचार मीटर, दुपदरी सात, सपाटीवरच्या राष्ट्रीय महामार्गाची एकूण रुंदी बारा. आकडे रुक्ष आहेत, पण गणित करून पाहावं. अडीच मीटर रुंदीच्या दोन गाड्या पावणेचार मीटरवर शेजारी शेजारी मावत नाहीत. साइडपट्टीवर उतरणं त्या मापातच धरलेलं होतं. जादा मार्गिकेची ही युक्ती वडील रोज करत. तिला नाव तेवढं नव्हतं.

इंग्लंडने तिला नाव दिलं, यंत्रणाही दिली. सप्टेंबर २००६ मध्ये बर्मिंगहॅमजवळ एम-४२ वर गर्दीच्या वेळी कडेची पट्टी वाहतुकीला खुली करू लागले. पट्टी ३.३ मीटरची, म्हणजे जवळजवळ पुरी मार्गिकाच. वरच्या कमानीवर खूण दिसली की तिच्यावर जायचं. गाडी बंद पडली तर ठरावीक अंतरावर आसरा. पुढे काही महामार्गांवर ही पट्टी कायमचीच मार्गिका झाली. चालत्या मार्गिकेत बंद पडलेल्या गाड्यांवर मागून आदळून माणसं गेली, ओरड झाली, आणि एप्रिल २०२३ मध्ये असे नवे रस्ते करणं सरकारने सोडून दिलं. तिथे निदान कडा एरवी रिकामी होती, म्हणून मोजूनमापून उघडता आली. आमची कधी रिकामी नव्हतीच. चौपदरीकरणात मुरमावर डांबर आलं, पण ट्रॉली, सायकल, शेळ्या, पायी माणूस यांना दुसरी वाट कुणी आखली नाही.

एका ठिकाणी मात्र आखली. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली : दिवेघाट ते मोहोळ सुमारे २२१ किलोमीटर, पाटस ते तोंडले-बोंडले सुमारे १३०, आणि दोन्ही अंगांना वारकऱ्यांसाठी स्वतंत्र पायवाट. आषाढीत तिच्यावर पावलं असतील यात शंका नाही. गळीत हंगाम लागल्यावर तिथे कुणाची चाकं असतात, ते पाहायला यंदा दिवाळी झाली की मोहोळच्या फाट्यावर जाऊन उभा राहणार आहे.